चूल पेटलेली घरं

माझ्या हुद्द्याचं नाव उर्दूत होतं आणि इतकं लांब होतं, की सांगताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागे. अर्थ एवढाच, की सरकारचं म्हणणं लोकांना पटवायचं आणि लोकांचं म्हणणं सरकारच्या कानावर घालायचं. लोकांनी त्याचं मराठी एका दिवसात करून टाकलं. 'हिकडचं तिकडं करणारी बाई.' त्यात चुगलखोर हा अर्थ होताच. तो आपल्याला कळत नाही असं मी दाखवत असे.

निजामी अमदानीतली ही गोष्ट. मी तेव्हा आळंदला मुलींच्या शाळेत शिकवत होते. लहानपणीच विधवा झाले म्हणून वडिलांनी सोलापूरला ठेवून शिकवलं होतं. घरात कानडी, शेजारात मराठी आणि वडिलांच्या कापडाच्या दुकानात दिवसभर दखनी, त्यामुळे तिन्ही भाषा मला येत होत्या. हुशारी त्यात काही नव्हती. आमच्या भागात कुत्रीसुद्धा तिन्ही भाषांतलं हाड ऐकून पळतात.

त्या हिवाळ्यात सरहद्दीच्या गावांमध्ये प्लेग आला. सरकारनं डॉक्टर पाठवले, बरोबर पाच-सहा माणसं, फिनेलचे डबे आणि एक घोडा. लोक त्यांना प्लेगवाले म्हणत. प्लेगची गाठ येते काखेत नाहीतर जांघेत, आणि परक्या पुरुषाला बाईमाणूस तिथं हात लावू देईल होय? म्हणून त्यांना बाई हवी होती. शहाण्या बायका नाही म्हणाल्या आणि मी हो म्हणाले. खरं तर मी मुळात घाबरट, पाटावर बसायच्या आधी तो डगमगतो का ते हात लावून बघणारी. पण मला नाही म्हणायचीही भीतीच वाटली.

डॉक्टर वरचे, लखनौकडचे. आमची दखनी त्यांना गावंढळ वाटे. कुणी 'नक्को' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. पण माणूस वाईट नव्हता. तो गावाबाहेरच घोड्यावरून उतरे आणि गावात चालत येई, कारण घोडा बघून पोरं घाबरतात असं मी एकदा म्हटलं होतं.

मौत झाली तर लोक लपवत. कळलं की घर रिकामं करावं लागे, माळवदाला वरून भोक पाडून ऊन आत सोडत, भिंतींवर फिनेल मारत आणि घरच्यांना शिवारात झोपड्यांत राहायला लागे. कोण आपणहून सांगेल? तेव्हा डॉक्टरांना कुठल्याशा कारकुनानं युक्ती सांगितली होती. हिंदूंच्या घरात माणूस गेलं, की त्या दिवशी चूल पेटत नाही. पुढं दहा दिवस दारात रांगोळी नाही, देवाला फूल नाही. मौत लपेल, सूतक लपणार नाही. डॉक्टरांना ही युक्ती फार आवडली. मी स्वयंपाकघरात जायचं, चूल बघायची, देव्हारा बघायचा आणि बाहेर येऊन सांगायचं. ते एकच प्रश्न विचारत, "चूल्हा जल रहा है?" मी "जी" म्हटलं, की त्या घराच्या दारावर खडूनं खूण करून पुढं सरकत.

चार-पाच गावांत ही युक्ती लागू पडली. मग आम्ही खजुरीच्या पलीकडच्या एका गावी गेलो. तिथं माझी बहीण दिली होती.

आई गेली तेव्हा मी फार लहान होते, मला अक्कानंच वाढवलं. माझ्या केसातल्या उवा तिनं काढल्या, माझ्या वाटचा मार तिनं खाल्ला. तिला मूल झाल्याचं मला आळंदला कळलं होतं. बाळाला अजून महिना व्हायचा होता. आमचे जंगम येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधून गेले होते, नाव मात्र ठेवायचं होतं. त्या गावात जाणं मला नको होतं. वाटेत दमणी खड्ड्यात आदळली की मला वाटे, इथंच चाक मोडलं तर बरं.

अक्काची गल्ली सगळी आमच्याच लोकांची, लिंगायतांची. डॉक्टर चावडीवर बसले आणि मी एकेक घर बघत तिच्या दारात आले. दारात रांगोळी होती. आत चुलीवर तवा होता आणि अक्का भाकरी थापत होती. कपाळावर भस्माची इबित्ती, त्याखाली ठसठशीत कुंकू. मला बघून ती हसली, पण उठली नाही.

"कामून आलीस? बहीण म्हणून आलीस का सरकार म्हणून?"

"दोन्ही."

"दोघींना मिळून एकच पाट हाय. बस."

मी बसले. सोप्यातल्या तुळईच्या लोखंडी कडीला पाळणा टांगला होता. त्यात बाळ मुठी आवळून झोपलं होतं. इतकं छान वाटलं मला, की मी कशाला आले तेच विसरले. मग लक्षात आलं, तिच्या सासूचा आवाज येत नाही. ती म्हातारी मी येताच कानडीत माझी चौकशी सुरू करायची आणि मी जाईपर्यंत थांबायची नाही.

"आत्याबाई कुठं गेल्या?"

"लिंगैक्य झाल्या की परवा," अक्का म्हणाली. तिनं भाकरी उलटली. "शेतात बसविलं त्यांला, चिंचेजवळ."

मला एकदम कळेना, की आधी रडू का विचारू. मी विचारलं. "ताप होता?"

"म्हातारं माणूस. आला ताप."

"गाठ?"

ती पिठाला पाणी लावत राहिली. मी परत विचारलं. तेव्हा म्हणाली, "काखेत."

आमच्यात सूतक नसतं. माणूस जातं म्हणजे लिंगात मिळतं, मग विटाळ कुणाचा धरायचा? बसल्या जागी खड्ड्यात बसवतात, पुरून येतात, हातपाय धुतात, पूजा करतात आणि जेवतात. जाळणं नाही म्हणून धूर नाही. दुसऱ्या दिवशी चूल पेटते, रांगोळी पडते, बायका कुंकू लावतात. हे मला काय नव्यानं कळलं होतं? जन्मापासून ठाऊक होतं. पण जे घरात पहिल्यापासून असतं, ते कुणाला सांगण्याजोगं आहे हे आपल्याला सुचतच नाही. या गल्लीत मी आत्ताच चूल पेटलेली सहा-सात घरं बघून आले होते. कुणाकुणाच्या घरातलं कोण कुठं पुरलंय, देव जाणे.

"अक्का, इथून निघा. आजच निघा."

"कुठं जायचं? तुझ्या झोपडीत?" ती पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून बोलली. "पहिली लेक मागल्या प्लेगात झोपडीतच गेली माझी. तिला गाठ न्हवती, ताप न्हवता. नुसती थंडी होती. तू आलीवतीस की तवा, बघितलंस. आता ह्याला घिऊन मी तुराट्याच्या भिंतीआड जाऊ? पौषाच्या वाऱ्यात?"

ती पोर मला आठवत होती.

"तुला साहेबानं चूल बघायला पाठविलंय न्हवं?" अक्का म्हणाली. "बघ. पेटलीय. तुला खोटं बोलावंच लागत न्हाई."

मी चावडीकडं निघाले. गल्ली किती मोठी ती, पण संपता संपेना. इकडे आड तिकडे विहीर असं लोक सहज म्हणतात. मला तर आडात आणि विहिरीत एकच बाळ दिसत होतं. सांगितलं तर ते थंडीनं जाईल. न सांगितलं तर गाठीनं. मनाशी म्हटलं, डॉक्टरांनी विचारलं तरच सांगायचं. लगेच वाटलं, ते विचारणार एकच, चूल पेटली होती का, आणि ती तर पेटलीच होती. अक्कानं मला वाट इतकी स्वच्छ झाडून दिली होती, की तिच्यावरून चालायचीच भीती वाटत होती.

"चूल्हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"जी. सगळ्या घरांत."

ते खूश झाले. इतक्या दिवसांत एक आख्खी गल्ली चांगली निघालेली त्यांनी बघितली नव्हती. आपल्या माणसांना हाक मारून म्हणाले, ही गल्ली पाक आहे, हिला हात लावू नका. वरच्या आळीत उंदीर मरून पडलेत, म्हणजे प्लेग घरात शिरलाच, तिथं बाळंतिणी आहेत, तान्ही मुलं आहेत. या थंडीत त्यांना झोपडीत कुठं पाठवता? या गल्लीत घराघरात एकेक ठेवा. आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बीबी, आप ही समझाइए. आप की बात मानेंगे."

वरच्या आळीतल्या बायका मी सकाळीच तपासून आले होते. एकीचं मूल माझ्या बोटाला धरून बसलं होतं. ते मूल आता अक्काच्या सासूच्या घोंगडीवर झोपणार होतं.

मी म्हटलं, "साहेब, आमच्यात सूतक नसतं."

हे मी मराठीतच बोलले. घाबरले की मला उर्दू सुचत नाही. ते बघत राहिले. मग मी उर्दूत सांगायला गेले तर सूतकाला शब्दच सापडेना. नापाकी म्हटलं. ते म्हणाले, कसली नापाकी? मय्यत झाली तरी आम्ही नापाक होत नाही, असं म्हटलं. ते म्हणाले, चांगलंच आहे की, मग अडचण काय? शेवटी म्हटलं, आमच्या घरात माणूस मेलं तरी चूल पेटते.

"यानी आप लोग ग़म नहीं करते?"

मला एवढा राग आला, की भीती क्षणभर कुठं पळाली कळलं नाही. "रडतो साहेब," मी म्हटलं, "पोटभर रडतो. रडून झालं की भाकरी करतो." आणि मग त्या गल्लीत प्लेगनं गेलेली एक म्हातारी मला माहीत आहे, हेही मी सांगून टाकलं. कुणाच्या घरातली तेही सांगितलं. आपलेच दात आपलेच ओठ म्हणतात, पण आपणच चावायचं हे त्या म्हणीत नाही.

हातातला खडू डॉक्टरांनी खिशात टाकला. "दोपहर तक गली ख़ाली," एवढंच म्हणाले. मला शाबासकी दिली नाही, ते बरं केलं. दिली असती तर मी तिथंच ओकले असते.

हे गल्लीला सांगायचं कोणी? हिकडचं तिकडं करणाऱ्या बाईनं. मी आधी अक्काकडंच गेले. माझा चेहरा बघून तिला कळलं. दाजी ओट्यावर होते, ते म्हणाले, "सांगितलंस म्हण की," आणि दोरखंड शोधायला आत गेले. अक्का रागावली की कानडीत बोलते. तिनं बाळाला पाळण्यातून काढलं, छातीशी धरलं आणि मला म्हणाली, "होगु." म्हणजे जा. मी पुढं होऊन बाळाची दुपटी उचलायला लागले तर तिनं माझ्या हातातून ती ओढून घेतली.

दुपारनंतर गल्ली शिवारात गेली. दाजींनी तुराट्यांची भिंत केली, वर कडबा घातला, आतून गोणपाट लावलं. चांगली केली होती झोपडी. पण आमच्याकडच्या पौषातल्या वाऱ्याला काळ्या रानावर अडवायला काही नसतं. मी उभ्या उभ्या ते गोणपाट हलताना बघत होते.

त्यानंतर मी रोज तपासणीला जायची. दुसऱ्या बायका तपासून घ्यायच्या, शिव्या देऊन का होईना. अक्का पदर बाजूला करून काख दाखवायची, तोंड दुसरीकडं. बाळ माझ्या हातात द्यायची नाही. मी म्हणायची, "खातं का नीट?" "झोपतं का?" ती बाळाला पदराआड घ्यायची. परत जाताना मी उगाचच सगळ्या झोपड्यांचं गोणपाट घट्ट बांधत जायची.

मग माळवदं उकलायला घेतली. अक्काच्या घरी मी मुद्दाम थांबले, प्लेगवाले भांडीकुंडी फोडतील म्हणून. माणूस वर चढला आणि कुदळीनं माती ओढायला लागला. उन्हाचा एक तुकडा खाली पडला. मग त्यानं तुळईजवळची फळी उचकटली आणि तिच्यामागून उंदीर पडले. मेलेले. एक, मागून दोन, मग मातीबरोबर किती ते मी मोजले नाहीत. ते पडले ते त्या लोखंडी कडीखाली. पाळणा काढून नेला होता, कडी तेवढी राहिली होती.

मी ओरडलेसुद्धा नाही. भिंतीला टेकून बसले आणि हसायलाच लागले. प्लेगवाल्याला वाटलं बाईला वेड लागलं. माझं खरं झालं होतं! मी कशी पळत सुटले ते माझं मला माहीत. रानातून ढेकळं तुडवत मी झोपड्यांकडं गेले, सांगायला. अक्काला हाताला धरून आणीन, दाखवीन, असं मनात होतं.

झोपडीत अक्का बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ रडत नव्हतं. त्याच्या छातीतून, दूध उतू जाताना येतो तसा, बारीक आवाज येत होता आणि ओठांभोवती निळसर झालं होतं. सकाळपासून त्यानं अंगावर घेतलं नव्हतं. अक्कानं मान वर केली. "आली का तू," एवढंच म्हणाली. रागसुद्धा नव्हता आवाजात.

उंदीर माझ्या ओठावर होते. ते मी गिळले. मरणाऱ्या लेकराच्या उशाशी वाद कसा जिंकायचा?

मी डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी बाळाच्या छातीला कान लावला, बराच वेळ. गाठ नव्हती. थंडी छातीत बसली होती. औषधाचं बघू, म्हणाले, पण हे मूल खाली ठेवू नका, उघड्या अंगाला लावून धरा, वरून घोंगडी, सोडायचं नाही. मी ते अक्काला मराठीत सांगितलं. डॉक्टरांचे शब्द तिच्यापर्यंत न्यायचे आणि तिचे त्यांच्यापर्यंत, हे माझं कामच होतं. पण त्या दिवशी ती म्हणाली, "इचार त्यांला, जगंल का?" आणि त्यांनी जे उत्तर दिलं ते मी पुरतं सांगितलं नाही. "जगेल म्हणतात," असं म्हटलं.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. मी बाहेर शेगडीवर विटा तापवत होते, फडक्यात गुंडाळून आत सारत होते. विटा आत जायच्या, गार होऊन बाहेर यायच्या. दाजी गोवऱ्या आणत. मी एकच गोष्ट ऐकत होते, आतला तो बारीक आवाज. तो थांबला की माझा श्वास थांबे. सुरू झाला की मनात येई, याला इथं मी आणलं. उंदीर बघितले होते, सगळं माहीत होतं, तरी तेच मनात येई. डोळ्यांनी बघितलेलं काही कामाला येत नाही अशा वेळी.

एका सकाळी आतून रडण्याचा आवाज आला. खणखणीत, संतापलेला. भुकेचा. अक्का आत हसतेय का रडतेय ते बाहेरून कळत नव्हतं. माझ्या हातातली वीट पडून तिचे दोन तुकडे झाले आणि दाजी म्हणाले, "राहू दे आता, पुरे झाल्या."

तरीही तिनं बाळ माझ्याजवळ दिलं नाही. मी मागितलंही नाही.

उन्हं तापली तसा प्लेग हटला. गाव परत घरात आलं. दाजींनी माळवद बुजवून घेतलं, अक्कानं घर शेणानं सारवलं. आम्ही प्लेगवाले बीदरकडं निघायचे होतो, तेव्हा मी निरोप घ्यायला गेले. डॉक्टरांनी दुसरं कुणी शोधावं असं मी त्यांना सांगितलं होतं. शाळेत परत जायचं ठरवलं होतं.

अक्का पाळण्याची दोरी ओढत होती. त्याच कडीला बांधला होता पाळणा. बाळाला बाळसं आलं होतं. अक्काच्या चेहऱ्यावर तो जुना, माझ्या उवा काढतानाचा भाव होता, मला चिडवायच्या आधीचा.

"बघ," ती म्हणाली, "काय झालं? आत्याबाईच्या मागं गल्लीत एक माणूस न्हाई गेलं. धडधाकट आलाव की समदी परत. हितंच राहिलो असतो तर काय झालं असतं? सुंठीवाचून खोकला गेला असता. उगंच काढलीस आम्हाला बाहेर. उगंच लेकराला मरणाच्या दारात नेलीस."

माझी नजर वर गेली, कडीकडं, तुळईकडं. नवी माती अजून ओलसर होती. सांगावं असं इतकं आलं मनात, की जीभ दातांत धरावी लागली. सांगितलं असतं तर ती त्या घरात पुन्हा कधी शांत झोपली नसती. पाळणा कुठं टांगला असता तिनं?

"व्हय अक्का," मी म्हटलं. "उगंचच."

"मग?" ती म्हणाली. "कळलं न्हवं आता?" आणि बाळाला पाळण्यातून उचलून तिनं माझ्या मांडीवर ठेवलं.